आज्ज्याचं अर्धं गाणं त्याला न सांगता रेकॉर्ड झालंय. ते ठेवू का पुसू?

वाड्यावरचा
मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी गवळी धनगर. आमचा वाडा खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडं रानात. चौदा घरं होती, आता सात. मी बेळगावात उद्यमबागेत एका फौंड्रीत आहे, पंधरा दिवसांनी एकदा वर जातो.

माझा आज्जा गेल्या श्रावणात गेला. शेवटच्या दोन वर्षांत मी फोनवर त्याचं साडेतीन तासांचं बोलणं आणि गाणं धरून ठेवलंय. त्यात सगळ्यात मोठी आहे ती 'वाट'. आमचे पूर्वज म्हशी घेऊन वरून, म्हणजे आंबोली-तिलारीच्या अंगानं, कुठून कुठून उतरत आले ते त्यात येतं. मुक्काम कुठला, पाणी कसलं, कुठली म्हैस कुठं व्याली, कोण वाटेत मेला. एक नमुना:

*तिसरं पाणी कणकुंबीचं, लांबनं दिसलं निळं गं
मोरीनं तोंड लावलं न्हाई, नऊ दिस सरलं खुळं गं*

कणकुंबी म्हणजे मलप्रभेचा उगम. आता तिथं गाड्या लावून लोक सेल्फी काढतात. मोरी ही म्हैस. तिनं पाणी नाकारलं म्हणून नऊ दिवस अख्खा कळप अडला, एवढीच गोष्ट. पण आज्जा ही ओळ म्हणताना दर वेळी थांबायचा आणि तंबाखूची पिंक टाकायचा. का, ते विचारायचं राहून गेलं.

खरी अडचण वेगळीच आहे. एकेचाळीस मिनिटं झाल्यावर आज्जा थांबला आणि म्हणाला, "फुडचं हितं न्हवं. द्यावापुढं." मी फोन बंद केला. पण त्याच वर्षीच्या दसऱ्याला, शिलंगणाच्या रात्री, त्यानं देवापुढं पुढचं म्हटलं तेव्हा माझ्या चुलतभावानं खिशातल्या खिशात रेकॉर्डिंग चालू ठेवलं. वीस मिनिटं. आज्ज्याला ठाऊक नव्हतं. आता भाऊ म्हणतो युट्युबवर टाकूया, आपली जमात जगाला कळू दे. चुलता म्हणतो पुसून टाका, नाहीतर मी फोनच चुलीत घालतो.

आता ते म्हणणारा वाड्यावर कुणी उरला नाही. ठेवू का पुसू?

टिळकवाडीकर
सरळ युट्युब. यात विचार करण्यासारखं काय आहे? पुसलंत तर पन्नास वर्षांनी तुमचीच नातवंडं शिव्या घालतील.

मलप्रभाकाठ
@टिळकवाडीकर, आज्जा "हितं न्हवं" म्हणालाय. एवढं स्पष्ट सांगितल्यावर जगभर वाजवायचं, ही काय रीत झाली?

कुंदा_स्पेशल
काय मर्दा, पैलाच धागा आणि डायरेक्ट धर्मसंकट. आम्ही पैल्या धाग्यात 'बेळगावात चांगला कुंदा कुठं मिळतो' विचारलेलं, त्यावर साठ प्रतिसाद आणि दोन भांडणं.

ध्वनीवेडा
ठेवायचं का पुसायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. तोवर जे आहे ते मरू देऊ नका. नक्की उलट घडतं, माणसं वर्षभर वाद घालतात आणि तेवढ्यात फोन पाण्यात पडतो.

१. क्लिप एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर साधी पाठवली असेल तर आवाज दाबला गेलाय. मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तिथून केबलनं काढा. पाठवायचीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.
२. तीन प्रती. दोन वेगवेगळ्या वस्तूंवर, तिसरी दुसऱ्या गावात. बेळगावात एक, वाड्यावर एक, आणखी एक कुणा पाहुण्याकडं.
३. फाइलचं नाव 'आज्जा नवीन २ फायनल' असलं ठेवू नका. कोण बोलतंय, कुठं, कुठल्या सणाला, तारीख. हे शक्यतो आवाजातच सुरुवातीला बोलून ठेवायचं, म्हणजे कागद हरवला तरी चालतं.

माझ्याकडं माझ्या आजोबांच्या बारा कॅसेट आहेत. लेबलवर फक्त 'भजन' लिहिलंय. नऊ कॅसेटमध्ये क्रिकेटची कॉमेंट्री निघाली.

कुंदा_स्पेशल
@ध्वनीवेडा, कॉमेंट्री कुठल्या मॅचची? तीपण मौखिक परंपराच की हो.

आज्जीची_नात
वाड्यावरचा, साडेतीन तासांत तुमची आज्जी किती मिनिटं आहे?

टोमणा नाही हा, खरंच विचारतेय. बाहेरून कुणी आलं की ढोल-कैताळ आणि गजा नाचणारे बाप्ये पुढं येतात, मायक्रोफोन त्यांच्यापुढं जातो. तुमच्यातल्या बायकांची फुगडी, जात्यावरचं, बाळंतिणीपाशी म्हणायचं, ते कुणी धरतच नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या. प्रत्येक ओवीला बाईचं नाव आणि गाव आहे. आता पारी या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर त्या ऐकायला मिळतात. नाव-गाव लिहिलं म्हणून त्या ओव्या आज त्या बायकांच्या आहेत, नाहीतर 'पारंपरिक' म्हणून केव्हाच कुणाच्या तरी सिनेमात गेल्या असत्या.

वाड्यावरचा
@आज्जीची_नात, खरं सांगू? शून्य मिनिटं. मागून भांडी घासल्याचा आवाज आहे तो आज्जीचा.

@ध्वनीवेडा, काल रात्रीच केबलनं काढलं. धन्यवाद. भाऊ मूळ फाइल द्यायला तयार नव्हता, बिर्याणीवर तयार झाला.

कागदघोडा
मी यात व्यवहार आणतोय, राग मानू नका.

वाड्यावरचा, तुमच्या वाड्याचे वनहक्काचे दावे झालेत का? २००६ च्या कायद्यात जे अनुसूचित जमातीत नाहीत पण रानातच राहतात, त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथं असल्याचं दाखवावं लागतं. गवळी धनगर कर्नाटकात जमातीत नाहीत, मागणी जुनी आहे. म्हणजे तुमची गाठ या ७५ वर्षांशी. आणि वाड्यावर १९३० चा कागद कुणाकडं असणार? सातबारा सोडा, तेव्हा नावंसुद्धा कुणी लिहून घेतली नसतील.

पण २००८ च्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे ती नीट वाचा. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्या माणसांनी सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं निवेदन त्यात धरतात. सामूहिक हक्कासाठी जुनी चराईची रानं, पाणवठे, देवाची झाडं, पुरण्या-जाळण्याच्या जागा, हे सगळं धरतात. एक पुरावा पुरत नाही, जास्त लागतात. तुमच्या आज्ज्याच्या 'वाटे'त नेमकं हेच आहे. पाणी, मुक्काम, कोण कुठं मेला. शब्द न शब्द उतरवा, जागा नकाशावर लावा, प्रत्यक्ष जाऊन बघा, मग आज जे म्हातारे आहेत त्यांचं निवेदन ग्रामसभेपुढं अंगठ्यासकट.

युट्युबवर लाईक मिळतील. यातून जमीन मिळू शकते.

सड्यावरून
@कागदघोडा, मुद्दा महत्त्वाचा, पण जपून. गाणं पुरावा म्हणून उभं केलं की समोरचा वकील पहिला प्रश्न विचारणार, हे गाणं कधीचं? मौखिक परंपरेत प्रत्येक पिढी भर घालते. आज गायलेली ओळ दोनशे वर्षांची आहे असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही.

वाड्यावरचा, 'वाटे'त कुठं रेल्वे, सरकार, साहेब असं काही येतं का?

वाड्यावरचा
@सड्यावरून, येतं ना! "लोखंडाची वाट न्हवती, तवा आमची वाट हुती." लोंढ्याजवळच्या मुक्कामात.

सड्यावरून
बघा, इथंच लोक फसतात. लोंढ्याकडचे रूळ १८८० च्या दशकातले. म्हणजे गाणं त्याच्या आधीचं, असं कुणीही उत्साहात म्हणेल. पण 'रूळ नव्हते तेव्हा' हे रूळ आल्यावरच सुचतं. ही ओळ नक्की रुळानंतरची आहे. फार तर एवढं म्हणता येईल की रूळ पडले तेव्हा तुमची माणसं तिथं होती आणि त्यांना आपण आधीचे आहोत असं वाटत होतं.

कागदघोडा
@सड्यावरून, मला तेवढं पुरे की हो! १९३० च्या आधी चाळीसेक वर्षं झाली.

सड्यावरून
:) हरलो.

भगवा_बेळगाव
यातून एक गोष्ट सिद्ध होते, या रानातला मूळ माणूस मराठी बोलणारा आहे. हे सगळीकडं पोचलं पाहिजे. धागाकर्त्याचं अभिनंदन.

कुंदा_स्पेशल
आला बघा. आता धागा शंभरी गाठणार.

वाड्यावरचा
@भगवा_बेळगाव, दादा, आदर आहे, पण आमचा आज्जा देवाला मराठीत आळवायचा, म्हशीला कन्नडात शिव्या द्यायचा आणि दूध घेणाऱ्या गोव्याच्या माणसाशी कोकणीत घासाघीस करायचा. मूळ भाषा कुठली ते म्हशीला विचारायला लागेल.

आणि सीमेचं म्हणाल तर ती आमच्या घरातनंच गेलीय. १९५६ ला चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातनं कोल्हापूरला गेला, खानापूर म्हैसूर राज्यात आला. आमच्यातली दोन घरं त्या वेळी चंदगडच्या बाजूला चरायला गेलेली, ती तिकडंच राहिली. आज ते चुलते महाराष्ट्रात भटक्या जमाती क, साडेतीन टक्क्यांत. आम्ही इकडं वेगळ्याच खान्यात. लग्नाला सगळे एकाच पंगतीला बसतो, दाखल्याला दोन वेगवेगळ्या जाती.

भगवा_बेळगाव
बरं, म्हशीवर सोडतो. पण गाणं जपा.

दमाम
मी सिद्दी आहे, तुमच्याच तालुक्यातली. लिहावं की नको असं दोन दिवस चाललेलं.

दाखल्याचं वाचून हसू आलं, कारण आमच्याकडं तेच. उत्तर कन्नडातल्या सिद्दींना २००३ मध्ये जमातीत घेतलं. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यातल्या सिद्दींना २०२० उजाडलं. सतरा वर्षं माझी यल्लापूरची मावशी आदिवासी आणि मी, तिच्यासारखेच केस, तिच्यासारखंच नाक, नुसती 'इतर'.

आमची वाट तुमच्याहून लांबची. पूर्व आफ्रिकेतनं माणसं धरून आणली, गोव्यात पोर्तुगीजांकडं विकली, तिथनं जी निसटली ती या घाटातल्या रानात घुसली. पण आमच्याकडं 'वाट' असं गाणं मी तरी ऐकलं नाही. माझी आज्जी म्हणायची, पळून आलेला माणूस आपण कुठनं आलो ते गात बसत नाही. धरतील ना. तिचं खरं असेल तर आमचा इतिहास गप्प बसण्यात आहे. तो कसा रेकॉर्ड करणार, सांगा.

जे आहे ते वेगळ्या जागी आहे. घरात हिरियारूची पूजा, म्हणजे गेलेल्या थोरांची. दमाम, आमचं ढोलकं. आणि कवंदी. जुनी लुगडी, साड्या, शर्ट, सगळ्यांचे तुकडे लावून बाया गोधडी शिवतात. एका कोपऱ्यापासून सुरू करायचं, कडेकडेनं फिरत आत आत जायचं. शेवटी चारी कोपऱ्यांना 'फुलं' लावायची, तिकोनी घडी. फुलं नसली तर कवंदी नागडी. माझ्या आज्जीच्या कवंदीत माझ्या मेलेल्या काकाच्या शाळेच्या शर्टाचा खिसा आहे, बटणासकट. आता सांगा, हा इतिहास का गोधडी?

मी तुमच्या चुलत्याच्या बाजूची, हे आधीच सांगते. दमाम पूर्वी आमच्या घरच्या कार्याला वाजायचा. आता कुणी साहेब आला, कुठला महोत्सव आला की, "सिद्दी लोकांना बोलवा, नाचू दे." पानं गुंडाळायला लावतात अंगाला. आमच्यात पानं कुणी कधी गुंडाळली? एकदा दिलं ना बाहेर, की ते कसं वाजवायचं हे बाहेरचे ठरवतात.

आज्जीची_नात
@दमाम, प्रतिसाद दोनदा वाचला. खिशाचं डोक्यातनं जाईना.

टिळकवाडीकर
मान्य, मी पहिल्या प्रतिसादात घाई केली. पण दमाम ताई, पानं गुंडाळणाऱ्यांच्या हाती जायच्या आधी तुम्ही स्वतःच नीट टाकलंत तर? नाहीतर इंटरनेटवर पानवालाच व्हिडिओ राहणार ना कायमचा.

दमाम
@टिळकवाडीकर, हो, हेही आहेच. माझी पोरगी हेच म्हणते. आमच्या घरात रोज वाद.

जुना_मास्तर
दोन गोष्टी सांगतो, लांबण लागेल.

मी या तालुक्यात तीस वर्षं मास्तरकी केली. एका वर्षी वाड्यावरच्या शाळेत एक अभ्यासक आले. माणूस सज्जन, जीभ गोड. आठ दिवस राहिले, म्हाताऱ्यांकडनं गाणी, देवाच्या कहाण्या, नात्यांची झाडं, सगळं टेपवर घेतलं. जाताना म्हणाले, पुस्तक झालं की पहिली प्रत इथं. वाड्यानं त्यांना लोण्याचा डेरा दिला बांधून. पुस्तक झालं का नाही, कुठं झालं, आम्हाला कळलं नाही. त्या टेपांत ज्या म्हातारीचा आवाज होता तिचा मुलगा मला दर जत्रेला विचारायचा, "मास्तर, आईचा आवाज आला का?" पंधरा वर्षं विचारायचा. मग विचारायचा थांबला.

म्हणून पहिली अट ही, की जे घेतलं त्याची प्रत वाड्यावर. लगेच, त्याच दिवशी. पुस्तक नंतर छापा.

सगळेच असे नसतात. गुंथर सोन्थायमर जर्मनीहून येऊन महाराष्ट्रातल्या धनगरांबरोबर वर्षानुवर्षं फिरले, मेंढरांमागं चालले, ओव्या घेतल्या. १९९२ मध्ये गेले. धनगरांत त्यांचं नाव अजून आपुलकीनं निघतं. परदेशातला माणूस आपल्या म्हाताऱ्याचं सुंबरान, म्हणजे देवाला आळवणं, ऐकायला चिखल तुडवतो आणि आपण चार मैलांवर राहून जात नाही, मला माझीच लाज वाटलेली.

दुसरी गोष्ट नंदगडची. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये तिथं फाशी दिली. कंपनी सरकारच्या कागदात तो बंडखोर. तो जगला तो कन्नड लावण्यांत, गावोगावच्या गाणाऱ्यांच्या तोंडात. पुतळे आत्ता आत्ताचे. पुतळ्याच्या आधी शंभर-दीडशे वर्षं त्याला गाण्यानं सांभाळलं. पण लक्षात घ्या, त्या लावण्या जाहीर म्हणायच्या होत्या, चौकात. तुमच्या आज्ज्याचं उरलेलं गाणं देवापुढंच म्हणायचं आहे. दोन्हीला एकच माप लावू नका.

ध्वनीवेडा
@जुना_मास्तर, प्रत त्याच दिवशी, हे सोन्यासारखं. आता तर सोपं आहे, मेमरी कार्ड कुठंही मिळतं.

ठेवायची जागा हवी असेल तर आहेत. गुरगावला लोकसंगीताचा एक अभिलेखागार आहे, १९८२ मध्ये सुरू झालेला. म्हैसूरला भारतीय भाषा संस्थान आहे, हावेरी जिल्ह्यात गोटगोडीला जानपद विद्यापीठ. देताना लेखी अट घालता येते, की अमुक भाग इतकी वर्षं कुणाला ऐकवायचा नाही, किंवा वाड्याच्या परवानगीशिवाय नाही. 'सगळं उघडं' आणि 'सगळं पुसा' यांच्या मधे बरीच जागा आहे.

मलप्रभाकाठ
अवांतर: तळेवाडी आणि भीमगड अभयारण्यातल्या बाकीच्या वाड्यांचं पुनर्वसन चाललंय. अभयारण्य झालं २०११ ला. लोकांना दवाखाना, रस्ता, शाळा पाहिजे, त्यांचं चूक नाही. पण खाली रोडला येऊन राहिल्यावर तो पाणवठा, तो सडा, म्हणजे कातळाचं पठार, यांची नावं कोण घेणार? गाण्यातल्या जागा एकदा जाऊन बघायच्या असतील तर लवकर जा. वाटा रानानं गिळायला दोन पावसाळे पुरतात.

कुंदा_स्पेशल
आज पहिल्यांदा या धाग्यावर विनोद सुचेना.

आज्जीची_नात
वाड्यावरचा, काय झालं? तीन आठवडे झाले, गायब आहात.

वाड्यावरचा
आलो. सुट्टी घेऊन आठ दिवस वर होतो.

पहिल्यांदा आज्जीची_नात यांचं ऐकलं. आज्जीला म्हटलं, तुझं रेकॉर्ड करतो. तिनं विचारलं, "मेलेल्याचं घेतलंस की, आता माझं कशाला, मी काय मराय लागलीय?" मग म्हटलं बरं, आज्ज्याचंच ऐक. चुलीपुढं बसून फोन लावला. ती रवीनं ताक घुसळत होती. पहिले दोन मुक्काम काही बोलली नाही. कणकुंबीची ओळ आली, "मोरीनं तोंड लावलं न्हाई," तशी रवी थांबली.

"खोटं," म्हणाली.

मी विचारलं काय खोटं. म्हणाली, म्हशीनं पाणी पिलं. म्हैस कुठली पाणी सोडतीया? नऊ दिवस कळप थांबला कारण तिथं बाई बाळंत झाली. म्हशीमागं चालता चालता. आज्ज्याच्या आज्ज्याची आई ती. पोर जगलं, बाई नवव्या दिवशी गेली. तिला तिथंच पाण्याच्या वरच्या अंगाला पुरली. बाप्यांच्या गाण्यात बाळंतपण कसं सांगायचं, म्हणून मोरीवर ढकललं. "आमच्या फुगडीत हाय ते." आणि तिनं म्हणून दाखवलं. घुसळायच्या ठेक्यावर. चार ओळी आहेत. त्या मी इथं लिहीत नाही, तिनं सांगितलंय बायकांच्या आहेत, बायकांनाच दे. माझ्या बहिणीनं घेतल्यात.

आज्जा त्या ओळीला का थांबायचा ते कळलं.

@कागदघोडा, तुमच्यासाठी, पुरलेली जागा आज्जीला ठाऊक आहे. तिच्या सासूनं दाखवलेली. सातव्या दिवशी ती, मी आणि चुलता जाऊन बघून आलो. आज्जी चालत आली, आम्ही मागं. दगडांची एक रास आहे, वर करवंदीची जाळी. चुलत्यानं जाळी थोडी साफ केली. तो काही बोलला नाही, पण परतताना म्हणाला, ते वीस मिनिटांचं पुसू नको.

म्हणून आता असं ठरलंय. आज्ज्याची एकेचाळीस मिनिटं उघडी, नाव-गावासकट, ज्याला पाहिजे त्यानं ऐकावी. उतरवायचं काम बहीण आणि मी करतोय. शब्दांची अडचण येतीय, 'गोठण', 'सडा' इथं सगळ्यांना कळेल, पण पंधरा-वीस शब्द आज्जीलाही नुसते आठवतात, अर्थ सांगता येत नाही. ते तसेच ठेवतोय. देवापुढचं वीस मिनिटं फक्त शिलंगणाच्या रात्री देवापुढं वाजवायचं, शिकणाऱ्यानं तिथंच ऐकून शिकायचं. पाठ झालं की वाजवायचं बंद. भाऊ जरा नाराज आहे, पण यंदा तोच ढोलावर आहे.

आणि @दमाम ताई, आज्जीला तुमच्या खिशाचं सांगितलं. म्हणाली, त्या पोरीला बोलाव, मला कवंदी बघायचीय.

दमाम
येते. बसचं सांगा, जांबोटीहून पुढं कसं यायचं. पोरगी पण येतो म्हणतीय. फोन आणू दे का तिला, ते आधी आज्जीला विचारा.

कागदघोडा
रास कुठं आहे ते इथं लिहू नका. बाकी मी निरोप टाकतो, अर्जाचा नमुना माझ्याकडं आहे.

ध्वनीवेडा
सगळं छान. पण देवापुढच्या वीस मिनिटांची प्रत नक्की कुठं ठेवलीय?

वाड्यावरचा
पेनड्राइव्हवर. चुलत्यानं तांबड्या फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवलाय, भंडाऱ्याच्या डबीशेजारी.

ध्वनीवेडा
अहो, त्याला झाकण आहे ना? भंडारा आत गेला की संपलं. आणि दुसरी प्रत?

वाड्यावरचा
झाकण हरवलंय. उद्या फोन करून चुलत्याला सांगतो, त्याला आधी पेनड्राइव्हचं तोंड कुठलं ते समजावायला लागेल. दुसरी चंदगडच्या चुलत्यांच्या देव्हाऱ्यात.

कुंदा_स्पेशल
म्हणजे दोन राज्यांत बॅकअप. झालं की मर्दा.